परक्या घरातला पहिला उन्हाळा
(मंडळाच्या महिला मेळाव्यात दोन भगिनींनी मिळून केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या माणसाने अशा व्यासपीठावर उभे राहावे ते मोठी पदवी घेऊन, अशी आपली समजूत आहे. आम्ही दोघींनी तिकडून पदवी आणलेली नाही. आम्ही जर्मनीत लोकांची मुले सांभाळून आलो आहोत. तरीही मंडळाने आम्हांला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. सगळ्या वर्षाची हकीकत सांगायला वेळ नाही. म्हणून 2023 सालच्या पहिल्या उन्हाळ्यात जे दिसले तेवढेच सांगतो.

आम्ही ज्या नात्याने गेलो त्याला 'ओ पेअर' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'बरोबरीने' असा आहे. तरुण मुलीने किंवा मुलाने परक्या देशातील कुटुंबात राहायचे, मुलांकडे पाहायचे, हलक्या घरकामाला हात लावायचा आणि त्या बदल्यात राहणे, जेवण, हातखर्च व भाषा शिकण्याची सवड मिळवायची, अशी ही पद्धत आहे. 1969 साली स्ट्रासबर्ग येथे युरोप परिषदेने यासंबंधी करार केला. ओ पेअर ही धड विद्यार्थिनीही नाही आणि धड कामगारही नाही, तिचा वर्ग निराळा, असे त्यात मानले आहे. युरोपातल्या कितीतरी मुली नुसत्या उन्हाळ्याच्या सुट्टीपुरत्या जातात. जर्मनीत आपल्याकडच्या मुलींना मात्र कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष राहता येते.

आमच्या दोघींच्या आयांनी पुण्यात पंचवीस-तीस वर्षे लोकांची धुणीभांडी केली. आम्ही निघण्याची गोष्ट काढली तेव्हा दोघींनीही एकच प्रश्न विचारला, "एवढं शिकून तिकडे जाऊन भांडीच घासणार का गं?" हा प्रश्न आम्ही विमानातही बरोबर घेऊन गेलो. आजचे आमचे बोलणे हे त्याच प्रश्नाचे उत्तर समजावे.

आम्ही राहिलो ते फ्रायबुर्ग हे शहर जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्ट डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुन्या गावातल्या रस्त्यांच्या कडेने दगडी पाटांतून स्वच्छ पाणी खळाळते आणि लहान मुले त्यात दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या ओढत चालतात. पहिल्या आठवड्यात आम्हांला सर्वांत नवल वाटले ते उजेडाचे. जूनमध्ये रात्रीचे साडेनऊ होईपर्यंत सूर्य मावळत नाही. मुलांची निजायची वेळ मात्र साडेसात. मग खिडक्यांवरच्या झडपा खाली ओढायच्या, खोलीत खोटी रात्र करायची आणि गोष्ट वाचून दाखवायची. संध्याकाळचे जेवण म्हणजे पाव, लोणी, चीज, काकडी. चूल पेटवायचीच नाही! पहिले काही दिवस आम्ही उपाशीच झोपतो आहोत असे वाटे. रविवारी दुकाने बंद आणि मोठा आवाज करायचा नाही. आपल्या वस्तीतल्या रविवारची सवय असलेल्या आम्हांला ती शांतता कानांना बोचायची.

पण खरा धक्का वेगळाच होता. घरच्या बाई आमच्या आईच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, मला नावाने हाक मारा आणि 'डू' म्हणा. 'डू' म्हणजे आपले 'तू'. आमची जीभ उचलेना. आपल्याकडे वीस वर्षांची मालकीण पन्नास वर्षांच्या कामवालीला एकेरी नावाने हाक मारते आणि कामवाली तिला 'ताई' म्हणते. तिथे 'तू' दोन्ही बाजूंनी होते. जेवणाच्या वेळी आम्ही सवयीने वाढायला उभ्या राहिलो, तर चार वर्षांच्या मुलीने विचारले, "तुला भूक नाही का?" आमच्या आयांचा चहाचा कप अनेक घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असे, हे या सभागृहातल्या कितीतरी भगिनींना सांगायला नको. त्या मुलीच्या शेजारी, तिच्याच ताटासारख्या ताटात जेवताना आमच्या घशाखाली घास उतरेना.

याचा अर्थ तिकडे सगळे गोड आहे असे कोणी समजू नये. आमच्यापैकी एकीच्या घरी कामाचे तास हळूहळू वाढत गेले. जुलैअखेर शाळांना सुट्टी लागली, मुले दिवसभर घरी, आणि सहा तासांचे आठ-नऊ तास कधी झाले ते कळलेच नाही. जर्मन तोडकीमोडकी, भांडायचे कसे? तिने वहीत तीन आठवडे रोजचे तास लिहून काढले आणि करारपत्रासोबत ती वही टेबलावर ठेवली. बाईंनी ती वाचली. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी फ्रिजवर नवे वेळापत्रक लागले. आठवडाभर घरात जरा गारवा होता हे खरे, पण तास सहावर आले.

त्या करारात काय होते ते मुद्दाम सांगतो. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांहून अधिक नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, त्यात महिन्यातून एक तरी रविवार. चार संध्याकाळी मोकळ्या. महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी 70 युरो, विम्याचा खर्च कुटुंबाकडे. स्वतःची खोली किमान आठ चौरस मीटरची, तिला खिडकी हवी आणि दाराला कुलूपही हवे. आमच्यापैकी एकीला जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीची किल्ली मिळाली.

तेव्हा आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, आम्ही भांडी घासली. काम तेच होते. फरक होता तो कामाला तास होते, सुट्टी होती, कागद होता आणि जेवायला टेबलावर जागा होती. आपल्याकडे 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यांची संघटना उभी राहिली. 2008 साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणीची आणि मदतीची तरतूद आहे. पण रोज किती तास आणि आठवड्याची सुट्टी कोणती, हे बहुतेक घरांत आजही तोंडीच ठरते आणि तोंडीच मोडते.

येथे बसलेल्या तरुण भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. जायचे असेल तर अवश्य जा. अर्ज करताना वय अठरा पूर्ण आणि सत्तावीसच्या आत हवे, आणि जर्मन भाषेची पहिली पायरी यायला हवी. तिची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. विमानाचे भाडे साधारणपणे आपले आपल्यालाच भरावे लागते. पैसा साठवायला जाऊ नका, कारण हातखर्च हा पगार नव्हे. भाषा कमवायला जा. घर पसंत करण्याआधी आधीच्या मुलीशी बोला. करार वाचल्याशिवाय सही करू नका आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जा. व्हिसा त्या कामावर अवलंबून असतो, म्हणून कुटुंबाशी पटले नाही तर कोणाकडे जायचे ते आधीच विचारून घ्या. नावात 'बरोबरी' आहे म्हणून ती आपोआप मिळते असे नाही.

आणि ज्या भगिनी कोठेही जाणार नाहीत, रोज सकाळी इथल्याच चार घरांची कामे करतात, त्यांच्यासाठी या मंडळाने एक काम हाती घ्यावे अशी आमची नम्र विनंती आहे. मराठीत एका पानाचा साधा करारनामा छापून घ्यावा. त्यात कामे, तास, पगार, साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा एवढेच असावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तो भरून द्यायला आम्ही दोघी दर रविवारी मंडळाच्या कार्यालयात बसू. पहिले दोन करारनामे कोणाचे भरायचे, हे आम्ही घरी ठरवून आलो आहोत. आमच्या आया अजूनही कामावर जातात.