दर्या, दऱ्या आणि संगणकातील अक्षर

(हेदवी येथे ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



दशभुज गणेशाच्या या गावी अक्षरांविषयी बोलायचे, तर आरंभ ‘श्री’पासूनच करणे उचित. पाहणाऱ्याला ‘श्री’ हे एकच अक्षर. संगणक मात्र त्याचे चार घटक साठवतो : श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. युनिकोड या जागतिक प्रमाणकात त्यांचे क्रमांक २३५८, २३८१, २३५२ आणि २३६८ असे आहेत. त्यांना एकत्र गुंफून ‘श्री’चा आकार घडविणे, हे फॉन्टचे काम.

पूर्वी तसे नव्हते. जुन्या फॉन्टमध्ये क्रमांक वर्णाला नसून आकाराच्या तुकड्याला असे, आणि प्रत्येक फॉन्टचा हिशेब निराळा. एका उत्सवाची स्मरणिका आम्ही मोठ्या कष्टाने अशाच फॉन्टमध्ये तयार केली होती. काही वर्षांनी ती तबकडी दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा मंगलाचरणाच्या जागी रोमन लिपीतील निरर्थक चिन्हांची रांग उभी ! मजकूर शेवटी छापील प्रतीवरून पुन्हा टंकित करावा लागला.

युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’ या आपल्याच देशात सिद्ध झालेल्या प्रमाणकावर आधारलेली आहे. सर्व लिप्यांची वर्णमाला मूलतः एक, हे त्यामागील सूत्र. म्हणूनच देवनागरी ‘क’ २३२५ वर, तर कन्नड ‘क’ ३२२१ वर. देवनागरी ‘ळ’ २३५५, कन्नड ‘ळ’ ३२५१. दोन्हीकडे अंतर नेमके ८९६. बेळगावात पाट्यांवरून कितीही वाद होवोत, संगणकाच्या पोटात मराठी आणि कन्नड वर्ण एकाच ओळीत, समान अंतरावर उभे आहेत !

हे सूत्र एके ठिकाणी मात्र तुटले. हळगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, ‘ऴ’ हा वर्ण होता. देवनागरी ‘ऴ’ २३५६ वर आहे. त्या हिशेबाने कन्नड ‘ऴ’ ३२५२ वर यायला हवा. ती जागा रिकामी आहे. तो वर्ण ३२९४ वर बसला आणि त्याला इंग्रजी नाव मिळाले ‘फा’ ! युनिकोडच्या नियमानुसार एकदा दिलेले नाव बदलता येत नाही. चूक मान्य झाली, दुरुस्त पर्यायी नाव जोडले गेले. पण मूळ नोंदीत ‘फा’ कायम आहे. प्राचीन काव्याच्या भाषेतील एका वर्णाची ही गत, कारण नोंद होताना ती कोणी वेळीच पारखली नाही.

आपल्या मराठीचेही असेच एक नाजूक स्थान आहे. हेदवीच्या समोर दर्या आहे आणि पाठीशी दऱ्या आहेत. उच्चार भिन्न, अर्थ भिन्न. ‘दर्या’त २३५२ क्रमांकाचा र येतो, ‘दऱ्या’त २३५३ क्रमांकाचा ऱ, बाकी सारे वर्ण तेच. एवढ्या एका अंकावर समुद्र आणि डोंगर वेगळे राहतात.

अडचण अशी की, हाच अर्धा ऱ आणखी एका रीतीने उमटतो : साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. एकाने ‘कऱ्हाड’ पहिल्या रीतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर साध्या शोधात ते सापडत नाही. ग्रंथालयाची सूची असो, सातबाऱ्यावरील नाव असो वा मतदारयादी, असलेली नोंद नसल्यासारखी होते. ‘ॲ’चीही कथा जवळपास अशीच. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. तोवर लोक अ-वर चंद्र देऊन काम भागवीत, आणि ते जुने लेखन अजून सर्वत्र पडून आहे.

तेव्हा गावाच्या ग्रंथालयाची सूची संगणकावर घेणाऱ्या तरुणांना माझी एकच विनंती. पहिल्या दिवशीच एक रीत ठरवा आणि ती कागदावर लिहून भिंतीला लावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र आहे, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ मिळतो. पुढे हलन्त आणि य.