बोटांनीं ओळखलेलीं अक्षरें

चार वर्षांच्या मुलाच्या हातीं पाटी-पेन्सील देऊन 'ग' गिरवावयास बसविलें, कीं थोड्याच वेळांत त्याचीं बोटें दुखूं लागतात आणि अक्षर कांहीं केल्या साधत नाहीं. वडीलधारीं माणसें त्यास मठ्ठ म्हणून मोकळीं होतात. वस्तुतः पेन्सील सांवरणें आणि आकार आठवणें हीं दोन कामें त्याच्यावर एकदम लादलेलीं असतात.

हीं कामें निराळीं करावीं हें मारिया माँटेसरी यांनीं ओळखलें. रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत १९०७ सालीं त्यांनीं बालगृह उघडलें. तेथें पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या खरखरीत अक्षरांवरून मुलें दोन बोटें फिरवीत आणि त्यांचा उच्चार शिकत. महाराष्ट्रास ही कल्पना अगदींच परकी नव्हती. बोटानें धुळाक्षरें काढणाऱ्या पिढ्या येथें होऊन गेल्या. मात्र धूळपाटीजवळ बहुधा छडी असे, खेळ नसे. हा भेद लहान नाहीं.

देवनागरीस तर हा स्पर्श विशेष उपयोगी आहे. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' हीं डोळ्यांस फसवितात. बोटास मात्र 'भ'ची गांठ आणि तुटलेली शिरोरेघ लागलीच जाणवते. पुढें सुटीं अक्षरें मांडून शब्द जुळविण्याचा खेळ येतो. 'किती' जुळवितांना मूल पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे ठेवतें. त्यावर रागावूं नये. त्याच्या कानानें बरोबर ऐकलें आहे. चमत्कारिक आहे ती लिपीची रीत! 'ती'ची वेलांटी उजवीकडेच राहावयाची, 'कि'ची तेवढी उचलून डावीकडे न्यावयाची, हें हातानें केलें म्हणजे ध्यानांत राहतें.

यास महागडी पेटी लागते, ही समजूत खोटी. तशा पेट्या पुष्कळदां कपाटांतच कुलूपबंद राहतात! ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तें परिसरांत मिळणाऱ्या वस्तूंवर विसंबूनच. जमिनीवर खडूनें मोठा 'ग' काढावा आणि मुलानें त्यावर चिंचोके मांडीत जावें. जवळ तान्हें भावंड असल्यास चिंचोका त्याच्या तोंडांत जाणार नाहीं, एवढें पाहावें. चिंचोकेही नसोत. संध्याकाळीं आई तांदूळ निवडावयास बसली, कीं परातींत बोटानें 'ग' उमटतो, हात फिरतांच पुसला जातो, आणि पुन्हां उमटतो.