तार जोडायची आणि साचाही दुरुस्त करायचा

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक व युवक मेळाव्यातील भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, ‘वस्तीतील तरुण पिढी आणि आपली जबाबदारी’. मी काही वक्ता नव्हे. शाळा नववीला सुटली. त्यानंतरची तीस वर्षे गिरणीच्या रिंग खात्यात गेली, आणि जे काही वाचन झाले ते पाळीवरून आल्यावर विहाराच्या वाचनालयात झाले. तेव्हा मला जे कळते ते खात्यातल्या भाषेतच सांगतो.

रिंगवरच्या कामगाराला तार तुटली की जोडावी लागते. पाळीत किती वेळा जोडली याची मोजदाद राहात नाही. पण एकाच चातीवर तार पुन्हा पुन्हा तुटू लागली तर शहाणा कामगार नुसती जोडत बसत नाही. तो मुकादमाला हाक मारतो, फिटरला बोलावतो. कारण दोष सुताचा नाही, साच्याचा आहे हे त्याला कळते. आपल्या वस्तीतल्या पोरांचं शिक्षण तुटतं तेव्हा आपण सुताला दोष देतो. मुलगा टवाळ निघाला, मुलगी लग्नाला आली, आईबापाचं लक्ष नाही. थोडे खरे असेलही. पण दरवर्षी त्याच ठिकाणी शिक्षण तुटत असेल, तर एकदा साचा तपासायला नको का?

आपण जूनमध्ये वह्या वाटतो. दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतो. चांगले काम आहे, ते बंद करा असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलांना आपण याच मंचावर पुष्पगुच्छ दिले, त्यांतली पदवीपर्यंत किती पोहोचली आणि जी मध्येच थांबली ती कुठे थांबली, हे कुणी लिहून ठेवले आहे काय?

एक उदाहरण देतो, नाव सांगत नाही. आपल्याच गल्लीतली मुलगी. बारावी विज्ञानला उत्तम गुण. अभियांत्रिकीला राखीव जागेवर नंबर लागला. कॉलेजने जात पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’. कार्यालयाने सांगितले, पूर्वीच्या जातीचा पुरावा आणा, तोही १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, आणि त्या वेळी तुमचे कुटुंब महाराष्ट्रात राहात होते असा. आजोबा वारलेले, कागद गावी, गाव दूर. वडील रोजंदारीवर, एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. कागद मिळेपर्यंत मुदत संपली. मुलगी आज दुकानात कामाला आहे. सांगा, यात त्या मुलीचा काय दोष?

पडताळणीचा कायदा मुळात आपल्या विरोधी नाही, हेही समजून घ्या. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटणाऱ्यांना रोखण्यासाठी तो केला आणि २००१ साली अमलात आला. पण आपली गोष्ट वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या वाडवडिलांनी जात टाकली, आणि पुढच्या पिढीच्या दाखल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. राज्यात आपल्याला सवलती मिळत राहिल्या. केंद्राने मात्र बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल उजाडले. त्यामुळे जी जात आजोबांनी सोडली, तिचाच कागद नातीला शोधावा लागतो. हा काही एका घराचा प्रश्न नाही, गल्लीतल्या प्रत्येक घराचा आहे. आणि आपण काय करतो? प्रत्येक घर एकेकटे रांगेत उभे राहते, एकेकटे एजंटला पैसे देते आणि एकेकटे रडते.

बाबासाहेबांनी हे कसे पाहिले ते बघा. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. एका हुशार मुलाला एका उदार राजाने केलेली ती मदत होती. पण शिकून आल्यावर बाबासाहेब, ‘माझ्यासारख्या आणखी दोघा-चौघांना राजा भेटो’, असे म्हणत बसले नाहीत. २० जुलै १९२४ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदनच सरकारपुढे ठेवले, आणि १९४४ पासून भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिचे मूळ तिथे आहे. राजाची मर्जी होती, तिचा सर्वांचा हक्क झाला. व्यवस्था बदलणे म्हणतात ते हेच.

आणि हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असेही नव्हे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला हजारो माणसे एकत्र चालत गेली, तेव्हा तो ठराव खरा झाला. एकटा गेला असता तर मार खाऊन परत आला असता.

आम्हा गिरणी कामगारांची गोष्टही तीच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीचे म्हणत, याचा उष्टा धोटा आम्ही कसा घ्यायचा? आपला माणूस रिंग खात्यातच अडकला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. एका कामगाराला ओळखीने आत घ्या, असे ते म्हणाले नाहीत. खात्याचे दार सर्वांना उघडा, असे म्हणाले. आपण आज ओळख शोधतो, दार बघत नाही!

कुणी म्हणेल, ते मोठे लोक होते, तो काळ वेगळा होता. मग अलीकडचे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना दिल्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा देण्यातून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा कुठे नसते? म्हणजे नाव न घेता दार बंद! पण पालक आणि संघटना गप्प बसल्या नाहीत, मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला स्थगिती मिळाली, अर्ज नव्याने मागवावे लागले, आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो बदल रद्द केला. हे पालक फक्त आपल्या मुलासाठी शाळेच्या दारात विनवणी करीत बसले असते, तर फार तर एका मुलाला जागा मिळाली असती.

आता आपल्या विहाराने काय करावे ते सांगतो. नुसते भाषण करून जाणे मला पटत नाही.

पहिले काम वहीचे. आठवीपासून पदवीपर्यंतचे मूल ज्या ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घराची नोंद करायची. जातीचा दाखला आहे का, पडताळणी झाली का, उत्पन्नाचा दाखला ताजा आहे का, बँकेचे खाते आधारला जोडले आहे का, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, भरला तर कुठे अडला. दोघादोघांनी दहा-दहा घरे घ्यावीत. एक तरुण, जो मोबाईलवर अर्ज भरू शकतो, आणि एक जाणते माणूस, ज्याला घरात बोलू देतात. आपल्या माता-भगिनी हे काम आम्हा पुरुषांपेक्षा चांगले करतील, कारण कुठल्या घरात काय चालले आहे ते त्यांना अगोदर कळते.

दुसरे काम पुराव्याचे. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. अकरावी विज्ञानला प्रवेश घेतला की पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. मे महिन्यात आपण गावी जातोच. एक दिवस शाळेसाठी आणि तहसील कचेरीसाठी काढा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, जमीन असेल तर जुना फेरफार, हे कागद बघा. एका गावचे चार जण असतील तर चौघांचे काम एकाने करावे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर पुढच्याचे काम पुष्कळ सोपे होते. म्हणून चुलत्याशी भांडण असले तरी कागद द्या बाबांनो! भांडण आपले आहे, पोरांचे नाही.

तिसरे काम खरे महत्त्वाचे. वही भरली की ती वाचायची. चाळीस घरांपैकी पंचवीस घरे एकाच कागदासाठी, एकाच टेबलावर अडली असतील, तर तो साच्याचा दोष. तेव्हा पंचवीस अर्जदारांनी पंचवीस चकरा मारायच्या नाहीत. सर्वांच्या सहीचे एक निवेदन, पोच घेऊन, द्यायचे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारायचे, की किती अर्ज पडून आहेत आणि का? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली वेळेत न मिळालेल्या दाखल्यासाठी अपील करता येते. शिष्यवृत्तीला पात्र मुलाकडून कॉलेज प्रवेशाच्या वेळीच शिकवणी फी मागत असेल तर तेही एकत्र जाऊन विचारायचे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. तिचे पैसे वेळेवर येत नसतील तर किती जणांचे, किती महिन्यांचे, हा आकडा आपल्या वहीत पाहिजे. रडगाणे ऐकून साहेब सवयीने मान हलवतो. आकडा पुढे ठेवला की त्याला फाईल उघडावी लागते.

हे करताना शेजारची चर्मकार, मातंग, वडार, मुसलमान घरे सोडू नका. दाखल्याची रांग सर्वांची एकच आहे, आणि जेवढ्या सह्या जास्त तेवढा शब्दाला वजन.

पैशाबाबत स्पष्ट सांगतो. या कामासाठी कोणत्याही घराकडून एक पैसा घ्यायचा नाही. झेरॉक्स आणि गाडीभाड्याचा खर्च समितीने करावा आणि दर पौर्णिमेला त्याचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा. आणि काम एका माणसाच्या नावावर चालू नये. पुढारी आजारी पडला की वही बंद, असे आपण पुष्कळ पाहिले.

काही जण म्हणतात, विहारात वंदना व्हावी, कचेरीची कामे कशाला? त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की, करुणा ही डोळे मिटून करायची गोष्ट नाही. शेजारचे मूल कागदापायी बसून राहिले आहे हे दिसत असताना त्याचा अर्ज भरणे हेही दानच आहे, श्रमदान आहे.

काही म्हणतात, वेळ नाही. महिन्याचा एक रविवार मागतो आहे, जास्त नाही.

आणि काही जण बोलत नाहीत, पण मनात असते: माझ्या मुलाचे झाले, आता मला काय? त्यांना आठवण देतो. तुमचा मुलगा ज्या शिष्यवृत्तीवर शिकला ती कुणीतरी, स्वतःचे शिक्षण झाल्यावर, आपल्या सर्वांसाठी भांडून मिळवली होती. ते ऋण पुतळ्याला हार घालून फिटत नाही. जी मुले-मुली शिकून नोकरीला लागली, इथून फ्लॅटमध्ये राहायला गेली, त्यांनी आनंदाने जावे. पण महिन्याच्या त्या रविवारी या विहारात येऊन बसावे. वस्तीतल्या पोरांना तुमच्या पैशापेक्षा तुमचा अनुभव जास्त कामाला येईल.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांना दहा घरे घ्यायची असतील त्यांनी नाव, गल्ली आणि कोणता रविवार जमेल ते लिहावे. पुढच्या वर्धापनदिनी मंचावरून गुणगौरवाच्या यादीबरोबर ही वहीही वाचली जावी: किती मुले अडली होती, किती पुढे गेली, कोणती अडचण सर्वांसाठी दूर झाली आणि कोणती अजून बाकी आहे. बाकी राहिले तेही लाज न बाळगता वाचू, म्हणजे पुढच्या वर्षीचे काम कळेल.



नमो बुद्धाय! जय भीम!