कंबर दुखते ते खोटं नसतं



मागे गटाच्या बैठकीत एक ताई भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. पैसे जमा झाले, सह्या झाल्या, तरी त्या उठेनात. विचारलं तर डोळ्याला पदर लावला. सहा महिने कंबर दुखत होती. फोटोत काही निघालं नव्हतं. दवाखान्यात तपासलं आणि मालकांना सांगितलं, "यांना काही झालेलं नाही." तेव्हापासून घरात एकच बोलणं, "काम आलं की हिची कंबर दुखते." ताई म्हणाल्या, "मी खोटं बोलते का हो?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून त्यांना घेऊन आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टर मॅडमना विचारलं. कळलं ते तुम्हाला सांगतो.

कंबर तपासताना डॉक्टर काही साध्या गोष्टी करून बघतात. कातडीला हलकाच हात लावतात. उभं करून डोक्यावर थोडा दाब देतात. खांदे आणि कंबर एकत्रच वळवतात. यात मणक्यावर फारसा ताण येत नाही, तरी कुणाला कंबरेत कळ येते. झोपवून पाय सरळ वर उचलतात, मग बोलता बोलता बसवून तोच पाय सरळ करतात. झोपून दुखलं ते बसून दुखतं का, हे बघतात. सगळा पाय वरून खालपर्यंत बधिर किंवा लुळा वाटतो का, आणि बाई जरा हात लावताच फार कळवळते का, हेही बघतात.

स्कॉटलंडचे हाडांचे डॉक्टर गॉर्डन वॉडेल यांनी १९८० साली या खुणा पाच गटांत मांडल्या. पाचांपैकी तीन किंवा जास्त दिसल्या, तरच त्यांना अर्थ. एकदोन दिसल्या तर त्यावरून काही ठरवायचं नसतं.

आणि अर्थ काय? बाई नाटक करते, असा नाही! खुद्द वॉडेल यांनीच पुढे बजावून सांगितलं, की ही खोटेपणा पकडायची परीक्षा नव्हे. दुखण्यात मणक्यासोबत मनावरचा भारही मिसळला असेल, त्याचीही विचारपूस करा, एवढंच या खुणा सांगतात. झोप नाही, काळजी आहे, भीती आहे, तर अंग आखडतं आणि तेच दुखणं जास्त जाणवतं. ते दुखणं खरंच असतं. आणि या खुणा असल्या म्हणून मणक्याचा आजार नाहीच, असंही होत नाही.

मॅडमनी ताईंना विचारलं, "झोप लागते का?" तेव्हा सगळं बाहेर आलं. लेक माहेरी परत आलेली, वर खासगी फायनान्सचा हप्ता थकलेला. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी व्यायाम शिकवले, पडून राहू नका, रोज थोडं चाला म्हणाल्या. मालकांना समोर बसवून समजावलं. हप्त्याचं गटानं बघितलं. कंबर पूर्ण थांबली नाही, पण ताई आता बैठकीला चालत येतात.

मैत्रिणींनो, तपासणीला जाल तेव्हा दुखतं तिथे दुखतं म्हणा, नाही तिथे नाही म्हणा. मनातलं ओझंही सांगा. "काही नाही" असं ऐकलं तर विचारा, "मग दुखतं कशानं, आणि आता मी काय करू?" मन फार जड झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

मात्र लघवी अडली किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. कंबरदुखीसोबत ताप येतो, वजन उतरतं, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तरी अंगावर काढू नका.

पुढच्या बैठकीत सह्या झाल्या की एकमेकींना एवढंच विचारा, "ताई, झोप लागते का?" आणि आपल्या गटात तरी कुणा बाईच्या दुखण्याला नाटक म्हणायचं नाही, हे ठरवून टाका.