बिनकामाचे चालणे



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मी सातवी शिकलेली, संसारात रमलेली बाई. व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु विषय आपल्या रविवारच्या भटकंतीचा आहे, आणि ती आता पुरे झाली असे काही घरांतून बोलले जात आहे. तेव्हा मला गप्प बसवेना.

पहिला आक्षेप असा की, बायका काय कमी चालतात? खरेच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बाईच्या पायांनी काय केले नाही? रोवणीला चिखलात उभी राहिली, सरपणाला रानात गेली, पहाटे मोहफुले वेचली, उन्हात तेंदूपत्ता तोडला. पण भगिनींनो, त्या सगळ्या चालण्यात डोक्यावर किंवा कडेवर काही ना काही होते. हात हलवीत, इकडेतिकडे बघत, बिनकामाचे आपण कधी चाललो? माझ्यापुरते सांगते. वीस वर्षांत मी आपला लहान पूल शेकडो वेळा ओलांडला. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, प्रत्येक वेळी काम. तो दरसाल पुरात बुडतो तेवढे माहीत होते. त्याच पुलावर उजाडताना उभे राहिले की वैनगंगेवरून धुके कसे उठते, हे मी पहिल्यांदा पाहिले ते भटकंतीला लागल्यावर. 2020 च्या ऑगस्टअखेर याच नदीने केवढा हाहाकार केला ते आपण सर्वांनी सोसले आहे. पुरात जिची भीती वाटते ती नदी शांतपणीही पाहिलेली असावी, असे मला वाटते.

आता सायकलीविषयी. शाळेतून मुलीला सायकल मिळाली. ती शिकून पुढे गेली, सायकल पडवीत गंजत उभी. एके दिवशी धाकट्याने विचारले, “आई, तू का नाही चालवत?” वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर, अंधार असताना, मी ती शिकले. मागून धरायला शेजारच्या वैनी. त्यांनी हात सोडला केव्हा हे मला समजलेच नाही, आणि समजले तेव्हा मी पडले. तरी आठ दिवसांत जमली. साडीपेक्षा सलवार बरी, हे अनुभवाने सांगते. साखळीत पदर अडकला की सगळी हौस तिथेच फिटते.

आज आम्ही कधी अकराजणी असतो, कधी चौदा. निम्म्या पायी, निम्म्या सायकलीवर. डांबरी रस्त्यापेक्षा आम्हांला पांदण आवडते. गाड्यांचा त्रास नाही, आणि बांधीबांधीतून जाता येते. धान कापून झाले की पौषात लाखोळीची निळी फुले उघडतात. सायकल हाती धरून धुऱ्यावरून चालताना दोन्ही बाजूंना ती निळाई असते. मग एखाद्या तलावाच्या पाळीवर बसायचे. आपला जिल्हा तलावांचा म्हणतात तो उगाच नाही. कोहळी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीचा उतार ओळखून हे तलाव आणि बोड्या बांधल्या. आजही त्यांच्या पाण्यावर धान पिकतो. थंडीत तिथे बदके उतरतात. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने नवेगावबांधला राहून पाखरांवर पुस्तके लिहिली. आपल्याला तेवढी विद्या नसली तरी बघायला काय हरकत आहे?

लांबची सफर म्हणाल तर आंभोऱ्याची. वैनगंगेला तिथे कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी येऊन मिळतात. 2024 साली नवा पूल खुला झाला तेव्हापासून आपल्या बाजूने जाणे सोपे झाले. मुकुंदराजांनी 1188 साली ‘विवेकसिंधु’ याच ठिकाणी लिहिला असे आपल्याकडे मानतात. अंबेजोगाईची मंडळी तो मान आपल्या गावाला देतात. त्या भांडणात मी पडत नाही. पण सहाजणींनी तिथवर सायकली नेल्या आणि आणल्या, याला साक्षीदार आहेत.

त्या सहांत एक भगिनी अशा होत्या की, यजमान गेल्यापासून चार वर्षे रेशन आणि दवाखाना याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. संगमावर त्या बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसल्या. आम्ही कोणी बोललो नाही. परत निघालो तेव्हा त्यांची सायकल सर्वांच्या पुढे होती. “बाई, हळू,” म्हणून आम्ही मागून ओरडतो आहोत! त्या आज या सभेत बसल्या आहेत, म्हणून अधिक सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात तुमसरपलीकडचा आंबागड चढलो. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या काळात त्याच्या सुभेदाराने बांधलेला हा किल्ला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे नासके पाणी पाजून मारीत, असे सांगतात. ते ऐकून आमच्यातल्या एकीने बरोबर आणलेले पाणीसुद्धा दोनदा हुंगून पाहिले! वर बुरुजाजवळ तांदळाची भाकर आणि लाखोळीचे वडे खाल्ले. सातपुड्याच्या रांगा समोर होत्या. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली मुले एव्हरेस्टवर गेली, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. तिच्यापुढे आमचा डोंगर म्हणजे उंबरठाच. पण दम आम्हांलाही तेवढाच लागला.

दुसरा आक्षेप वाघाचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. कोका अभयारण्य 2013 साली झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पात आले. मोहफुले वेचायला गेलेली माणसे वाघाने मारल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून आमचा नियम कडक आहे. अभयारण्यात पायी किंवा सायकलीने जायचे नाही, तिथे ठरलेल्या गाडीतूनच. जंगलालगतच्या पांदणीवर ऊन चढल्याशिवाय पाऊल नाही, एकटीने नाही, तिन्हीसांजेला तर नाहीच. मोहाच्या दिवसांत तो रस्ताच बंद. ज्या घरांना काळजी वाटते त्यांनी हे नियम वाचून पाहावेत, आणि आणखी सुचवावेत.

तिसरा आक्षेप घरच्या स्वयंपाकाचा. त्यावर आमच्या सासूबाईंनीच उत्तर दिले आहे. त्या म्हणाल्या, “रविवारी सकाळचा चहा पोरगा करतो. बरा करतो.”

तेव्हा मंडळापुढे माझी मागणी एवढीच. शिल्लक रकमेतून दोन जुन्या लेडीज सायकली घ्याव्यात, म्हणजे ज्यांच्या घरी सायकल नाही त्यांना पायीच यावे लागणार नाही. दुरुस्ती आम्ही आमच्या हाताने करू. पंक्चर काढायला चौघी शिकल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला लहान पुलाच्या तोंडाशी जमायचे आहे. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन दहाच्या आत परत. पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल आणावा. पंप माझ्याकडे आहे.