पाटी पुसण्यापूर्वीं

शाळेंत गणित चुकलें कीं मुलाचा हात प्रथम जातो तो ओल्या फडक्याकडे. मास्तर जवळ येईपर्यंत पाटी लख्ख झालेली असते. मुलाला वाटतें, चूक गेली. वस्तुतः चूक गेलेली नसते. ती सांपडण्याचा मार्ग तेवढा गेलेला असतो. हातचा घ्यावयाचा राहिला, कीं पाढाच चुकला, हें आतां कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं, आणि उद्यां तेंच गणित पुन्हां तसेंच चुकणार. पेढ्यांचे हिशेब आणि विम्याचे हप्ते ज्यांच्यावर सांभाळले जातात, त्या मोठ्या संगणकांच्या बाबतींतहि नेमका हाच प्रसंग येतो. तेथें फडकें ज्याच्या हातांत असतें त्याला ऑपरेटर म्हणतात. पाटी पुसण्यापूर्वीं त्यानें तिची नक्कल कशी उतरून घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मेनफ्रेम या नांवानें ओळखले जाणारे संगणक एका वेळीं हजारों लोकांचें काम अंगावर घेतात. आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं 'सिस्टिम ३६०' नांवाचें यंत्रांचें एक कुटुंबच जाहीर केलें, आणि आज मोठमोठ्या पेढ्यांतून चालणारीं पुष्कळशीं यंत्रें याच कुळांतील आहेत. यंत्राची स्मृति ही त्याची पाटी. चालू असलेल्या आज्ञावल्या, त्यांनीं हातीं घेतलेले आंकडे, कोणतें काम अर्धें झालें व कोणतें खोळंबलें, हें सारें तेथें लिहिलेलें असतें आणि क्षणोक्षणीं बदलत असतें. याखेरीज यंत्राच्या मेंदूंत 'रजिस्टर' नांवाचे थोडे लहान कप्पे असतात आणि 'प्रोग्राम स्टेटस वर्ड' नांवाची एक नोंद असते. पोथी वाचणारा ओळीवर बोट ठेवतो ना, तसें या नोंदीचें काम आहे. पुढील आज्ञा कोणती आणि यंत्र कोणत्या अवस्थेंत आहे, हें ती दाखविते.

या सर्वांचा जो जसाच्या तसा उतारा काढतात, त्याला 'डंप' म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरांतून जमिनीचा उतारा मिळतो, तसा हा त्या क्षणींच्या स्मृतीचा उतारा. त्यांत कोणाचें मत नाहीं, अर्थ नाहीं, खुलासा नाहीं. शून्यापासून नऊपर्यंतचे आंकडे आणि ए पासून एफ पर्यंतचीं अक्षरें, अशा सोळा चिन्हांत मांडलेली ती केवळ नक्कल आहे. पण जाणत्याला ती बोलते. समजा, हिशेबाची एखादी आज्ञावली '०सी७' हा क्रमांक दाखवून मध्येंच मेली. या क्रमांकाचा अर्थ असा कीं, दशमान आंकड्यांचें गणित करावयास घेतलें आणि त्या जागीं आंकडेच नव्हते. तज्ज्ञ उताऱ्यांत रकमेची जागा शोधून काढतो. तेथें त्याला '४०४०४०' अशी रांग दिसते. त्या यंत्राच्या लिपींत ४० म्हणजे मोकळी जागा. म्हणजे कोणीतरी रकमेचा रकाना कोरा ठेवूनच कागद पुढें धाडला होता! उतारा नसता, तर दोष यंत्राचा कीं माणसाचा, यावर केवळ वाद झाला असता.

पूर्वीं हे उतारे कागदावर निघत. त्या काळीं स्मृति म्हणजे तारांच्या जाळींत ओंवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला आणि १९६० सालीं कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणकहि असल्याच कड्यांची स्मृति बाळगून होता. कडीला इंग्रजींत कोअर म्हणत, म्हणून उताऱ्यालाहि 'कोअर डंप' हें नांव पडलें. सिस्टिम ३६० च्या 'मॉडेल ५०' मध्यें जास्तींत जास्त ५१२ किलोबाइट मुख्य स्मृति बसे. एका ओळींत ३२ बाइट छापले, तर तिच्या १६,३८४ ओळी होतात. मिनिटाला ११०० ओळी छापणारें '१४०३' जातीचें छपाईयंत्र त्यासाठीं सुमारें पंधरा मिनिटें खडखडत राही, आणि पानाला साठ ओळी धरल्या तर पावणेतीनशें पानांचा ढीग पडे. तो ढीग पुढ्यांत घेऊन तज्ज्ञ पेन्सिलीनें खुणा करीत बसत.

आज कागद गेला, कड्याहि गेल्या. परंतु एक धोका मात्र वाढला. चुंबकीय कड्यांतील मजकूर वीज गेली तरी टिके. १९७० सालीं जाहीर झालेल्या 'सिस्टिम ३७०, मॉडेल १४५' या यंत्रापासून मुख्य स्मृतींत अर्धसंवाहक चकत्या आल्या, आणि त्यांची आठवण विजेबरोबरच जाते. म्हणून अडलेल्या यंत्राची वीज बंद करून पुन्हां सुरू करणें हा जो घरगुती उपाय, तोच येथें सर्वांत घातक होय.

आतां प्रत्यक्ष प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. रात्रीचे दोन वाजले आहेत. एका पेढीच्या यंत्रशाळेंत ऑपरेटर व त्याचा नवशिका मदतनीस असे दोघेच आहेत. एकाएकीं पडद्यावरील संदेश थांबतात. यंत्र दोन प्रकारें बंद पडतें. कधीं तें आपण होऊन थांबतें आणि जातां जातां त्या स्टेटस वर्डमध्यें थांबण्याचा सांकेतिक क्रमांक ठेवून जातें. कधीं तें थांबत नाहीं. एकाच फेऱ्यांत घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहतें आणि कोणाच्या हांकेला ओ देत नाहीं. दोन्ही प्रकारांत ऑपरेटरचें पहिलें काम वहींत लिहिण्याचें. किती वाजले, शेवटचा संदेश कोणता होता, कोणता क्रमांक दिसतो, त्यापूर्वीं कोणती आज्ञा दिली होती, हें तो टिपून घेतो. घाबरून चार कळा दाबून पाहण्याचा मोह येथेंच आवरावा लागतो. कारण प्रत्येक कळ पाटीवर आणखी एक रेघ ओढीत असते.

इतक्यांत टेलिफोन वाजतो. "अहो, सुरू करा ना एकदांचें! सकाळीं शाखा उघडावयाच्या आहेत." पलीकडे वरिष्ठ अधिकारी असतात.

"साहेब, डंप घेतल्याशिवाय लोड करतां येत नाहीं. थोडा वेळ लागेल."

"आणि नाहीं घेतला तर?"

"तर उद्यां रात्रीं याच वेळीं आपला फोन पुन्हां येईल, साहेब."

हें उत्तर उद्धट नाहीं. त्यांतच या कामाचें सारें मर्म आहे. एकीकडे खोळंबलेले लोक आणि दुसरीकडे न दिसणारें कारण. खोळंबलेले लोक ओरडतात, कारण मात्र मुकें असतें. त्या मुक्याच्या बाजूनें त्या वेळीं खोलींत एकटा ऑपरेटर उभा असतो.

संपूर्ण यंत्रच पडलें असतां जो उतारा घ्यावयाचा, त्याला 'स्टँड-अलोन डंप', म्हणजे स्वतंत्र डंप, असें नांव आहे. यंत्राची नेहमींची कार्यप्रणाली पडलेली असते, म्हणून तिच्याकडून हें काम होत नाहीं. एक लहानशी स्वतंत्र आज्ञावली डिस्कवर किंवा फितीवर अगोदरच तयार ठेवलेली असते. तीच यंत्रांत उतरवावी लागते. परंतु येथें एक पेंच आहे. नवी आज्ञावली चालूं लागली कीं ती तेच कप्पे वापरणार आणि पोथीवरचें तें बोट हालणार! म्हणून त्याआधीं 'स्टोअर स्टेटस' ही क्रिया करावयाची. तिच्यायोगें रजिस्टरांतील मजकूर आणि स्टेटस वर्ड हीं स्मृतींतील ठराविक जागीं लिहून ठेविलीं जातात. पुष्कळ नव्या यंत्रांवर हें आपोआप घडतें; जेथें घडत नाहीं तेथें ऑपरेटरनें विसरतां कामा नये. ती विसरली तर उताऱ्यांत सर्वसाधारण रजिस्टरेंच तेवढीं विश्वसनीय राहतात. यंत्र नेमकें कोठें होतें हें सांगणारी नोंदच हरवते. आणि ही क्रिया एकदांच करावयाची. स्वतंत्र आज्ञावली सुरू झाल्यावर ती पुन्हां केली, तर पहिल्या खऱ्या नोंदीवर दुसरी निरुपयोगी नोंद लिहिली जाते.

यानंतर 'लोड'. कन्सोलवर या क्रियेचे दोन प्रकार शेजारीं शेजारीं असतात. साध्या लोडमध्यें स्मृति शाबूत राहते. 'क्लिअर' लोडमध्यें ती आधीं पुसली जाते. नेहमींच्या दिवशीं यंत्र स्वच्छ करून सुरू करणें चांगलेंच; डंपच्या वेळीं मात्र तें ओलें फडकें होय. नियमपुस्तकांत याविषयीं निक्षून ताकीद दिलेली असते. येथें मदतनीसाचा उपयोग होतो. एकानें मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें पाहून मगच कळ दाबावी.

लोड झाल्यावर ती आज्ञावली विचारते, उतारा कोठें ठेवूं? ऑपरेटर फितीचा अथवा डिस्कचा क्रमांक देतो. मग ती शीर्षक विचारते. घाईंत कोणी नुसतें 'डंप' असें लिहितो. ही गोष्ट पंचनाम्यावर 'कागद' असें लिहिण्यासारखीच आहे. तारीख, वेळ, यंत्राचें नांव आणि थांबण्याचा क्रमांक इतकें शीर्षकांत आलें, तर महिन्यानंतर तो उतारा हातीं घेणाऱ्याला दिशा मिळते. यानंतर काम एकच, तें म्हणजे थांबण्याचें. पडद्यावर प्रगतीचे संदेश येत राहतात, टेलिफोन वाजत राहतो, आणि पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत ऑपरेटर हात आवरून बसतो.

प्रत्येक वेळीं यंत्र मरतेंच असें नाहीं. एखादाच विभाग अडला आणि कन्सोल अजून उत्तर देत असला, तर 'डंप' ही आज्ञा तेथूनच देतां येते. यंत्र विचारतें, कोणत्या विभागाचा उतारा हवा? ऑपरेटर तज्ज्ञांनीं लिहून दिलेलें उत्तर जसेंच्या तसें देतो. यंत्र तो भाग प्रथम स्मृतींतच बाजूला उतरवून घेतें आणि मग सावकाश डिस्कवर लिहितें. दरम्यान बाकीचीं कामें चालूं राहतात. अट एवढीच, कीं उतारा ठेवण्याच्या जागा मोकळ्या हव्यात. जुने उतारे न काढल्यामुळें जागा भरून गेली असेल, तर ऐन वेळीं नवा उतारा अर्धवट राहतो किंवा मुळींच निघत नाहीं. दाराशीं आग लागल्यावर विहिरीचा गाळ काढतां येत नाहीं. कार्यप्रणाली बदलली कीं तिला जुळणारी स्वतंत्र आज्ञावली नव्यानें तयार करणें, तिच्या डिस्कचा क्रमांक कन्सोलजवळ लिहून ठेवणें, आणि शांततेच्या काळांत हा सारा विधि एकदां करून पाहणें, हेंहि या कामाचेंच अंग आहे.

आतां प्रश्न वेळेचा. २०२२ सालीं आलेल्या 'झेड १६' या यंत्रांत ४० टेराबाइटपर्यंत स्मृति बसूं शकते. एवढ्या स्मृतीचा उतारा घेत बसलें तर पेढी उघडणार केव्हां? यासाठीं एकाच वेळीं अनेक डिस्कांवर उतारा लिहिण्याची सोय आहे, आणि अधिक महत्त्वाचा भाग आधीं लिहिला जातो. म्हणजे नाइलाजानें मध्येंच थांबावें लागलें, तरी हातीं कांहीं राहतें. पण किती वेळ थांबावयाचें, हें रात्रीं दोन वाजतां ऑपरेटरच्या एकट्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. हा निर्णय पेढीच्या चालकांनीं दिवसाउजेडीं घेऊन लेखी दिलेला असावा. नियम लेखी असला, म्हणजे टेलिफोनवरच्या रागाला कनिष्ठ माणूसहि नम्रपणें उत्तर देऊं शकतो.

आणखी एक जबाबदारी सहसा बोलली जात नाहीं. उताऱ्यांत केवळ यंत्राचे दोष नसतात. लोकांचीं खातीं, शिलका, नांवेंहि त्यांत उतरलेलीं असतात. वैद्यानें रोग्याचें गुपित राखावें, तशी ही फीत राखली पाहिजे. २०१९ सालच्या 'झेड १५' यंत्राबरोबर असा संवेदनशील मजकूर उताऱ्यांतून वगळण्याची सोय आली; तरी ती फीत कोणाच्या हातीं द्यावयाची, हें माणसालाच ठरवावें लागतें.

उतारा घेणारा ऑपरेटर तो उतारा बहुधा वाचूं शकत नाहीं, आणि त्यानें तो वाचावा अशी अपेक्षाहि नसते. वाचणारा तज्ज्ञ दुसऱ्या शहरांत, कदाचित् दुसऱ्या खंडांत असतो. त्या रात्रींच्या खोलींत तो कधीं पाऊल टाकीत नाहीं; तेथें काय घडलें याचा त्याला एकच साक्षीदार, आणि तो म्हणजे ही नक्कल. ती पुरी मिळाली तर दोष सांपडतो, आज्ञावली सुधारते, आणि तोच दोष ज्या ज्या यंत्रांत दडला असेल तेथेंहि दुरुस्ती पोंचते. मग कित्येक ठिकाणच्या रात्री सुखानें जातात, आणि त्या कोणामुळें सुखाच्या गेल्या हें कोणाला ठाऊकहि नसतें.

पहांटे यंत्र सुरू होतें. शाखा वेळेवर किंवा थोड्या उशिरानें उघडतात. ऑपरेटर वहींत शेवटची ओळ लिहितो: डंप पूर्ण, फीत क्रमांक अमुक, यंत्र चालू. मग तो वही मदतनीसापुढें सही करावयास सरकवितो आणि पाळी संपवून घरीं जातो. पाटी पुसली गेली खरी; परंतु चुकलेलें गणित तीवरून आधीं नीट उतरून घेतलेलें आहे.