रविवर्म्यांच्या नायिकांचं लुगडं



समजा, बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांवर कुणी सिनेमा काढला आणि शहराजवळच्या आपल्या कोयलीच्या बाजूला घोडदौड दाखवताना मागे रिफायनरीची धुराडी दिसली. महाराजांची कारकीर्द 1875 ते 1939, आणि रिफायनरी सुरू झाली 1965 साली. आपण कोयलीकर तर थेटरातच हसू. या घोटाळ्याला इंग्रजीत ‘ॲनाक्रॉनिझम’ म्हणतात, मराठीत कालविपर्यास. शब्द मूळचा ग्रीक. ‘ॲना’ म्हणजे उलट, ‘क्रोनॉस’ म्हणजे काळ. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता कालगणनेतली चूक, बस्स. भलत्या काळात घुसलेल्या वस्तूंना तो नंतर चिकटला. शेक्सपिअरच्या ज्यूलियस सीझरच्या रोममध्ये घड्याळाचे ठोके पडतात, हे त्याचं सगळ्या वर्गांत घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण.

आपल्या बडोद्यातलं उदाहरण त्याहून सरस आहे. 1888च्या सुमारास सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांना पुराणांतले चौदा प्रसंग रंगवायला सांगितले. पौराणिक पात्रांना नेसवायचं काय, हा प्रश्न होताच. साऱ्या हिंदुस्थानाला आपला वाटेल असा पेहराव शोधत रविवर्मा उत्तरेकडे बरेच हिंडले. प्रांताप्रांताचा वेष निराळा! अखेर त्यांच्या कितीतरी नायिका नेसल्या ते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरांतलं नऊवारी लुगडं, अंगात शिवलेली चोळी. रामायण-महाभारताच्या काळात ते कुठून येणार? पण याला मी चूक म्हणणार नाही. शेक्सपिअरला कदाचित घड्याळाचं भानही नसेल; रविवर्म्यांनी शोधून, पारखून निवड केली होती.

खरी गंमत पुढे झाली. 1894 साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची रंगीत चित्रं घरोघरच्या भिंतींवर गेली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी काही काळ त्याच छापखान्यासाठी काम केलं, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा काढला. चित्रांमागून पौराणिक सिनेमे आले, सिनेमांमागून मालिका, आणि पुराणातली बाई म्हणजे साडी-चोळीतली बाई हे कायम झालं. आता एखाद्या दिग्दर्शकानं भारहुत-सांचीच्या शिल्पांतला, बिनशिवलेल्या वस्त्रांचा वेष सीतेला द्यायचं धाडस केलं, तर जुना काळ बिघडवल्याची तक्रार त्याच्यावरच होईल.